चुना राहिलेला कागद

पौष लागला की आमच्या वरसे गावात सकाळी उशिरापर्यंत दव टिकतं आणि ओल्या पेंढ्याचा वास खिडकीतून आत येतो. शेतं आता उरली आहेत तरी किती? समोर तीन-तीन मजल्यांच्या दोन इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या पलीकडे पोरांची व्यायामशाळा आहे आणि रोह्याचा बाजार आता जवळजवळ आमच्या फाटकापर्यंत आला आहे. पण इमारतींच्या मागे एक पट्टा अजून भाताचा आहे. त्याचा पेंढा हल्ली कुणी उडवी रचून ठेवत नाही. यंत्र येतं, गोल गठ्ठे वळून टाकतं, आणि उरलेलं पेटवून देतात. पेटवायच्या आधीचे दोन-चार दिवस मात्र तो वास असतो. गोडसर, थोडा आंबूस, गुरांच्या श्वासासारखा. वय झालं तसे बाकीचे वास मला कमी कळायला लागले आहेत, हा एक सोडून.

इरा, मागच्या रविवारी फोनवर तू मला तुझी नवी वही दाखवलीस. एकही झाड न तोडता, शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेली, असं तू मोठ्या अभिमानाने सांगितलंस. पान उजेडात धरलंस तेव्हा आतले सोनेरी धागे मला इथूनही दिसले. मी म्हटलं, असा कागद मी केलाय. तू हसलीस. मग सहज विचारलंस की आजी, तू इंग्रजी घेऊन बी.ए. झालीस, बी.एड. केलंस, मग शिकवलं का नाहीस? मी म्हटलं, चहा उतू जातोय, नंतर बोलू. चहा उतू जात नव्हता.

म्हणून तुला आणि तुझ्या भावाला, निशांतला, हे लिहिते आहे. मला सगळं क्रमाने लिहायची सवय आहे. औषधांच्या वेळा, दुधाचे खाडे, पाहुण्यांचे पत्ते, सगळं. पण तो एक हंगाम मला क्रमाने आठवत नाही. तो येतो तो पेंढ्याच्या वासाने आणि पाठोपाठ एका आवाजाने: स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटल्याचा.

तो पेला तुमच्या पणजीच्या उशाशी असे. त्या वर्षी गौरी-गणपतीत सासूबाईंची डावी बाजू गेली. वाचा शाबूत होती, उजवा हात शाबूत होता, आणि स्वभाव तर पूर्वीपेक्षाही शाबूत होता. पुढच्या पडवीत त्यांची खाट टाकली, म्हणजे त्यांना अंगण दिसावं आणि अंगणाला त्या दिसाव्यात. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वेळापत्रक आखलं: सहाला तोंड धुणं, साडेसहाला पेज, दर दोन तासांनी कूस बदलणं, चारला तेल. आणि पेल्याची एक भाषा ठरवली. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस, आणि ठोके थांबलेच नाहीत तर जे हातात असेल ते टाकून धावायचं. व्यवस्था चोख होती. आठवड्याभरातच माझ्या ध्यानात आलं की ही व्यवस्था मी माझ्याच भोवती बांधली आहे. पेला ऐकू येईल एवढ्याच जागेत मी फिरू शकत होते. मागचा गोठा, पुढचं अंगण, विहीर. विहिरीच्या पलीकडे आंब्याखाली गेलं की ठोका ऐकू येत नसे, म्हणून मी आंब्याखाली जात नसे.

तुमचा बाबा तेव्हा पहिलीत होता. तुमचे आजोबा कंपनीत. कधी पहिली शिफ्ट, कधी तिसरी, घरी आले की झोपलेले. रेल्वे रोह्यापर्यंत येऊन फार दिवस झाले नव्हते. सकाळच्या गाडीची शिट्टी झाली की माझा हात पेजेच्या पळीवर क्षणभर थांबे. ती गाडी पेणला जायची. पेणला माझी शाळा होती, आणि पेणजवळच्या जोह्याला माझं माहेर.

दसऱ्यानंतर त्याच शाळेतून पत्र आलं. मला ज्यांनी इंग्रजी शिकवलं त्या बाई आता मुख्याध्यापिका झाल्या होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांनी लिहिलं होतं की इंग्रजीची जागा रिकामी आहे, सोबत कार्यानुभवाचे तास घ्यावे लागतील, तेव्हा मुलींना शिकवता येईल अशी एखादी हस्तकला तयार कर आणि संक्रांतीच्या आत येऊन भेट. त्यापुढे जागा धरून ठेवता येणार नाही. ते पत्र मी किती वेळा वाचलं हे सांगत नाही. घडी उसवली, एवढं पुरे.

तुमचे आजोबा वाईट नव्हते. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "आईपाशी दिवसभर कोण बसेल ते ठरव आणि खुशाल जा." सरळ, न्यायाचं बोलणं. अशा बोलण्याशी भांडताही येत नाही.

बसायला बायजा तयार होती. बायजा नदीकाठच्या वाडीवरची. तिची सासू आमच्या शेतात लावणीला येई, मग ती यायला लागली. माझ्याच वयाची, काटक, कमी बोलणारी, आणि बोललीच तर समोरच्याने पुढे बोलू नये असं बोलणारी. सासूबाईंना ती मनापासून आवडत असे, अंगणापर्यंत. पडवीत बसवायची गोष्ट काढली तेव्हा त्या म्हणाल्या, बसू दे की, पण मला पाणी कोण देईल? वाडीवरच्या बाईच्या हातचं पाणी त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. मला राग आला, तो मी गिळला. पण खरं लिहायचं तर बायजाचा चहाचा पेला तेव्हा माझ्याही घरात वेगळाच होता, कोनाड्यात पालथा घातलेला. शिकलेली म्हणून मी तो धुवून ठेवत असे, एवढाच फरक.

हस्तकला म्हणून मला एकच गोष्ट येत होती. माझ्या वडिलांचा जोह्याला गणपतींचा कारखाना होता. मातीचे गणपती तर सगळेच करत. वडील काही मूर्ती कागदाच्या लगद्याच्या करायचे, हलक्या, लांब जाणाऱ्या. त्यासाठी रद्दी येई आणि रद्दीत शाळांचे जुने पेपर येत. आम्ही बहिणी ते फाडून भिजत घालायचो. भिजवण्याआधी वाचायचो. कुणाला गणितात पस्तीस, कुणाला इतिहासात अठ्ठावीस. त्या सगळ्यांचा एकत्र लगदा होऊन साच्यात बसायचा आणि महिनाभराने त्याला सोंड यायची. नापासांचा गणपती, असं आम्ही एकाला नाव ठेवलं होतं. वडिलांनी ऐकलं आणि हसू दाबत म्हणाले, त्यालाच नवस बोला, त्याला कळेल. लगदा हाताला कसा लागला म्हणजे झाला, कधी जास्त झाला, हे मला पुस्तकं वाचता येण्याच्या आधीपासून कळत होतं. आणि आमच्या मागच्या अंगणात त्या वर्षी पेंढ्याची उडवी घराच्या कौलांपर्यंत गेली होती. पाऊस लांबला होता, अर्धा पेंढा काळा पडला होता, गुरं तोंड लावत नव्हती. कुजून खत होण्याआधी त्याचा कागद करायचा, असं मी ठरवलं.

वडिलांना पोस्टकार्ड टाकलं. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं. पेंढा बोटभर तोडून दोन दिवस भिजव. चुन्याच्या निवळीत शिजव. उखळात कुटण्याआधी हाताला बुळबुळ लागेनाशी होईस्तोवर धू. घाई करू नकोस.

शेतात तेव्हा वाल उगवून वर आले होते. सकाळची कामं आटपली की बायजा यायची. आम्ही तेलाच्या जुन्या डब्यात पेंढा शिजत ठेवायचो. त्याला पिवळा, कडवट वास येई. तो वास आणि खाटेवरच्या तेलाचा वास मिळून त्या हंगामाचा एक तिसराच वास झाला. मग धुणं, मग कुटणं. बायजा मुसळ उचले तेव्हा तिच्या बांगड्या एका लयीत वाजत आणि त्या लयीत मधेच पेल्याचा ठोका आला की मी हात झटकून पडवीत. परत येईपर्यंत लय मोडलेली असे.

खरी अडचण धुण्याची होती. विहिरीच्या पाण्याने बादलीत धुवायचं म्हणजे बादल्याच बादल्या ओढायच्या, आणि शिजलेला पेंढा चुना काही लवकर सोडत नाही. तिसऱ्या का चौथ्या पाण्यानंतर बायजाने बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाली, "वैनी, हात अजून बुळबुळतोय. चुना हाय. मी टोपली घेऊन कालव्यावर जाते, वाहत्या पान्यात धरते घटकाभर. आपसूक जाईल."

पाच मिनिटांवर कालवा होता. मला जाता येत नव्हतं, तिला येत होतं. पण मी नको म्हटलं. वाटेत सांडेल, माती लागेल, काडीकचरा मिसळेल, अशी तीन कारणं दिली, आणि तिन्ही खोटी होती. खरं एवढंच की जे मी करते आहे ते माझ्या नजरेपलीकडे जाऊ नये असं मला वाटत होतं. माणूस कोंडला गेला की हातातलं एकेक कामही तो आपल्याबरोबर कोंडून घेतो. मी घड्याळ पाहिलं, कूस बदलायची वेळ झाली होती, आणि म्हटलं, पुरे झालं, घे कुटायला.

बायजाने माझ्याकडे पाहिलं आणि मुसळ उचललं.

मच्छरदाणीची जाळी चौकटीवर ताणून मी चाळणी केली होती. लगदा घंगाळात ढवळायचा, चौकट तिरपी आत घालायची, आडवी करून वर उचलायची. पाणी निथळतं, धागे जाळीवर जमतात, आणि एक पातळ, थरथरतं काहीतरी तयार होतं, ज्याला अजून कागद म्हणवत नाही. ते धोतराच्या तुकड्यावर उलटवायचं, वर दुसरा तुकडा, वर पाटा. दुसऱ्या दिवशी उन्हात. वाळलेल्या कागदाला तांदळाच्या पेजेचा हात द्यायचा आणि कवडीने घोटायचं. घोटता घोटता त्यावर मंद तकाकी येई. पहिला चांगला कागद निघाला तेव्हा मी तो उन्हाकडे धरला. आत पेंढ्याचे सोनेरी तंतू, कुठे एखादं भाताचं फोल. मी त्यावर टाकाने लिहिलं, इंग्रजीत, फक्त माझं नाव आणि पुढे बी.ए., बी.एड. शाई जराही फुटली नाही.

त्या दिवसांतच एका दुपारी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चुन्यात होते आणि पेल्याचा एक ठोका पडला. मी उठेपर्यंत दुसरा, तिसरा. सासूबाईंना ठसका लागला होता. बायजाचे हात कोरडे होते. ती पडवीत गेली, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, त्यांच्या मानेखाली हात घातला आणि पाजलं. त्या प्यायल्या. सगळा पेला. मी अंगणात तशीच उभी. दुसऱ्या दिवशी ठोका पडला तेव्हा सासूबाईंनी हाक बायजाला मारली. तुमच्या आजोबांच्या अटीतली शेवटची गाठ सुटली होती. ते म्हणाले, सुमनच्या लग्नपत्रिकांचं एवढं उरक आणि ये पेणला जाऊन.

सुमन म्हणजे समोरच्या घरातल्या चुलत सासूबाईंची, आमच्या काकींची मुलगी. तिचं लग्न माघात ठरलं होतं. छापील पत्रिका होत्याच, पण तिने माझा कागद पाहिला आणि हट्ट धरला की जवळच्या साठ घरांना वैनीच्या कागदावरच्या, वैनीच्या अक्षरातल्या पत्रिका जाणार. काकी नाखूश. त्यांनी अंगणात उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की गुरांच्या तोंडचा पेंढा पाहुण्यांच्या हातात द्यायचा म्हणजे पाहुण्यांना काय समजायचं? सुमन म्हणाली, तुझ्या भावाला तरी बरोबर समजेल. त्यावर काकींनाही हसू आवरलं नाही आणि पत्रिका ठरल्या.

साठ पत्रिका मी पाच दिवसांत लिहिल्या. कुठे खाडाखोड नाही, सगळ्यांचा समास एकसारखा. त्यांशिवाय एक जास्तीची केली, मोठ्या बाईंना दाखवायला. तिला लिफाफाही केला. सोमवारच्या सकाळच्या गाडीने जायचं ठरलं. साडी ठरली. बायजाला वेळापत्रक वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्यावर चित्रं काढली: पेज, कूस, तेल. तिने ती पाहिली आणि म्हणाली, मला म्हातारी कळते, चित्रं कशाला.

पत्रिकांची पूजा शनिवारी सकाळी आमच्याच पडवीत झाली, सासूबाई घरात वडील म्हणून. पाटावर पत्रिकांचा गठ्ठा, सुपारीचा गणपती, हळद-कुंकवाचे करंडे. आळीतल्या पाच-सहा सवाष्णी. सासूबाई खाटेवर भिंतीकडे जरा सरकून, विधवा बाई अशा वेळी सरकते तशा. काकींनी ओली हळद अनामिकेवर घेतली आणि देवाच्या पत्रिकेच्या पहिल्या कोपऱ्याला लावली, मग दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्यापर्यंत पोचतात तोच पहिला कोपरा बदलायला लागला. पिवळा होता तो नारिंगी झाला, मग विटकरी, आणि बघता बघता सुकलेल्या जखमेसारखा गडद लाल. मग दुसरा. काकींनी घाईने दुसरी पत्रिका घेतली. तीही तशीच.

कुणीतरी हळूच म्हणालं, रक्तावानी. सुमनचा चेहरा उतरला. काकींनी करंडा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या की देवाच्याच पत्रिकेला असं व्हावं, ह्यातली एक मी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. आणि मग बघत म्हणाल्या, "लय शिकलीस ना? माझ्या पोरीच्या लग्नाला नाट लावलास."

मला कारण त्याच क्षणी कळलं होतं. माझ्या बोटांना त्या चौथ्या पाण्याची बुळबुळ आठवली. बायजा अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती, तिचा हात थांबला होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार. मी शिकलेली, मला सांगता आलं असतं की हळदीला चुना लागला की तिचा रंग पालटतो, यात शकुन-अपशकुन काही नाही. पण तोंड उघडेना. साठ पत्रिका, सोमवारची गाडी, मोठ्या बाईंची रिकामी जागा, सगळं त्या चार लाल कोपऱ्यांत अडकलं होतं. लग्नाला नाट लावणारी सून घराबाहेर कशी पाठवतील? आणि अशा सुनेच्या बदली सासूबाईंपाशी बायजाला तरी कशी बसवतील?

तेवढ्यात पेला वाजला. एक नाही, दोन नाही, थांबेचना. सगळ्या वळल्या.

"भांबावताय काय गो सगळ्या?" सासूबाई म्हणाल्या. "कुकू काय झाडाला लागतं? हळदीला चुना घातला का कुकू व्हतं. माझी आय अख्ख्या आळीचं कुकू घरात करायची, मी परातीत मळलेलं हाय. ह्या कागदानं आपलं कुकू आपणच लावून घेतलंन. असं कुणाच्या पत्रिकेला झालंय आजवर? नाय ना? मग गप हळद लावा."

मग सुमन उठली. अजून हळद न लागलेली एक पत्रिका आणि हळदीचा करंडा घेऊन ती खाटेपाशी गेली आणि करंडा आईसमोर नाही, सासूबाईंसमोर धरला. सासूबाईंचा हात पुढे आला, मागे गेला. नवरा जाऊन त्यांना अठरा वर्षं झाली होती. त्यांनी काकींकडे पाहिलं. काकींनी पदर सारखा केला आणि मान खाली घातली. तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या चांगल्या हाताचं बोट हळदीत बुडवलं, चारी कोपऱ्यांना लावलं आणि ते लाल होईपर्यंत बघत राहिल्या. लहान मुलगी जत्रेत बघते तसं.

दुपारपर्यंत गोष्ट वरसे गावात फिरली, संध्याकाळपर्यंत रोह्यात. आपोआप कुंकू उमटणारी पत्रिका. बायका फाटकाशी येऊन विचारायला लागल्या. एकीच्या मुलाची मुंज होती, एकीला डोहाळजेवणासाठी हव्या होत्या. जी चूक होती तिचीच मागणी आली. ह्याच कागदाच्या, म्हणजे नीट न धुतलेल्याच. मी हसत होते, मनापासून. सुटले असं वाटत होतं.

तुमचे आजोबा पहिल्या शिफ्टहून आले. सासूबाईंनी त्यांना सगळं स्वतः सांगितलं, मला बोलूच दिलं नाही. कधी नव्हे ते माझं कौतुक त्यांच्या तोंडून वाहत होतं. आणि सांगून झाल्यावर त्याच कौतुकाच्या सुरात, जराही कडवटपणा नसताना, त्या म्हणाल्या, "हिला आता पेनला धाडू नको. घरात बसून नाव काढलंन हिनं."

आजोबांचा चेहरा उजळला. "खरंच की," ते म्हणाले. "घरबसल्या होतंय. मोठ्या बाईंना तसं कळवून टाक."

पोरांनो, त्या क्षणी मला कुणी अडवलं नव्हतं. दाराला कडी नव्हती. मी नाही म्हणू शकले असते, आणि त्यांनी ऐकूनही घेतलं असतं कदाचित. पण सकाळी ज्या तोंडाने मला वाचवलं त्याच तोंडाने हे म्हटलं होतं. त्या बाईने अठरा वर्षांनी हळदीत बोट घातलं होतं, ते माझ्या कागदासाठी. तिला मी काय सांगणार होते? की मला तुमच्या पेल्याचा आवाज नको झालाय? की हा सगळा कागद मी तुमच्यापासून लांब जाण्यासाठी केला? मी आत गेले आणि कूस बदलायची वेळ झाली होती ती बदलली. त्यांचं अंग त्या दिवशी मला फार हलकं लागलं.

जुलूम ओळखू येतो. प्रेमाने घातलेलं कुंपण मला त्या वेळी ओळखता आलं नाही आणि पुढे आलं तेव्हा त्याला वेल चढलेले होते. सासूबाई त्यानंतर अकरा वर्षं होत्या. कागद मी सहा-सात वर्षं केला. पाकिटं, पत्रिका, कोऱ्या वह्या. संध्याकाळी आळीतल्या मुलांना ओटीवर बसवून इंग्रजी शिकवलं, ती मुलं आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत. लोक म्हणतात, तुम्ही किती केलंत घर सांभाळून. मी मान डोलावते. घर सांभाळून, हे शब्द लोक वाक्याच्या शेवटी टाकतात, जेवणानंतर बडीशेप द्यावी तसे. माझं अख्खं वाक्य त्या दोन शब्दांत संपलं, हे त्यांना दिसत नाही. त्यांची चूक नाही. मीही कधी दाखवलं नाही. इरा, तू विचारलंस म्हणून.

तुझ्या वहीवर लिहिलेलं तू वाचून दाखवलंस: पुनर्वापर, पर्यावरण, टाकाऊतून टिकाऊ. सगळं खरं आहे. मला फक्त प्रत्येक पानामागे एक घंगाळ दिसतं, आणि घंगाळावर वाकलेली कुणीतरी दिसते. तिला कालव्यावर जाता येतं का, हे वहीवर लिहिलेलं नसतं.

सोमवार आला. कार्यानुभवासाठी चाळीस कागद देईन असं मी मोठ्या बाईंना कळवून बसले होते, आणि दिलेला शब्द मोडायचा नाही ही माझी शिस्त. मी चिठ्ठी लिहिली. घरच्या अडचणीमुळे जागा स्वीकारता येत नाही, क्षमस्व, सोबत कागद पाठवते आहे. दोनच ओळी, इंग्रजीत, माझ्याच कागदावर. अक्षर नेहमीसारखं आलं. कागदांचा गठ्ठा आणि चिठ्ठी घेऊन बायजा गेली. ती आयुष्यात प्रथमच आगगाडीत बसत होती. तिकीट कुठे काढायचं, कुठे उतरायचं, स्टेशनातून कुणाला विचारायचं, सगळं मी तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. अंगावर तिने माझीच एक साडी नेसली होती, सोमवारसाठी काढून ठेवलेली. मीच म्हटलं, नेस.

शिट्टी झाली तेव्हा मी विहिरीवर होते. पोहरा आत सोडलेला. गाडीचा आवाज वालाच्या शेतांवरून लांब जाईपर्यंत तो मी तसाच धरून ठेवला. दिवस सरता सरेना. लगदा ढवळायला घेतला आणि तसाच ठेवून दिला.

बायजा दुपारच्या गाडीने परत आली. ओटीच्या पायरीवर बसली, पाणी प्यायली, पाय चोळले. गाडी कशी हलते, खिडकीतून मिठागरं कशी पांढरी दिसतात, पेणच्या स्टेशनात किती माणूस, हे सगळं तिने सांगितलं. तिला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग मीच विचारलं की मोठ्या बाई काय म्हणाल्या.

चिठ्ठी त्यांनी वाचली, दोनदा वाचली, असं ती म्हणाली. मग कागद कपाटात ठेवायला एका खोलीकडे पाठवलं. ती खोली कुठली ते बायजाला नीट कळलं नाही. तिने भलतंच दार उघडलं.

"आत पोरी व्हत्या," बायजा म्हणाली. "वह्या उघडून गप बसलेल्या. फळ्यापुढं कोन नाय. मी दारात ऱ्हायले तर समद्या एकदम उठल्या. गुडमार्निंग का काय म्हनल्या. मला वाटलं माझ्या मागनं कोन आलंय, म्हनून वळून बघितलं."

"मग?"

"मागं कोन नव्हतं."

"मग तू काय केलंस?"

तिने पदराच्या टोकाने कपाळ पुसलं. साडीला माझ्याच ट्रंकेचा वास येत होता.

"म्हनलं, बसा."

"बसल्या?"

"बसल्या की."